एक्सपेक्ट की नेटमिको: टेस्टिंगमध्ये शो कमांडचं आउटपुट गोळा करताना

टेस्ट केसच्या आधी आणि नंतर राउटर-स्विचवर वीस-पंचवीस शो कमांड (डिव्हाइसची स्थिती दाखवणाऱ्या) चालवून आउटपुट फाइलमध्ये ठेवायचं असेल, तर एक्सपेक्ट (टर्मिनलवरचा संवाद आपोआप चालवणारं स्क्रिप्टिंगचं साधन) आणि नेटमिको (नेटवर्क डिव्हाइसवर कमांड चालवणारी पायथन लायब्ररी) या दोन्हींनी काम भागतं. लॉगिन, एनेबल (वरच्या अधिकारांत जाणं), टर्मिनल लेंथ 0 (पेजिंग, म्हणजे आउटपुट पानापानाला थांबणं, बंद करणं) हे एक्सपेक्टमध्ये आपण लिहायचं. नेटमिकोला डिव्हाइस टाइप सांगितला की पेजिंग तेच बंद करतं. पाच-सहा ओळींची ही बचत बघून निवड करू नये.

खरी गोम प्रॉम्प्टची आहे, म्हणजे कमांड संपली की डिव्हाइस दाखवतं त्या 'होस्टनेम#' अशा खुणेची. एक्सपेक्टमध्ये प्रॉम्प्टसाठी हॅश आणि पुढे डॉलर असा रेगेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) सर्रास देतात. पण तिथे डॉलर म्हणजे ओळीचा शेवट नव्हे. तोवर बफरमध्ये (आलेला मजकूर साठतो तिथे) जेवढं आलं त्याचा शेवट. शो रनिंग-कॉन्फिग तुकड्यातुकड्यानं येतं. एखाद्या इंटरफेसच्या डिस्क्रिप्शनमधल्या हॅशवर तुकडा संपला, की स्क्रिप्ट समजते कमांड झाली, आणि पुढची सोडते. मग शो व्हर्जनच्या फाइलीत आदल्या कमांडचं शेपूट सापडतं. पुन्हा चालवा, तुकडे निराळे पडतात आणि सगळं आलबेल दिसतं! पॅटर्नमध्ये पूर्ण होस्टनेम घातलं की हे बरंचसं थांबतं, पण ते प्रत्येक डिव्हाइससाठी सांभाळावं लागतं.

नेटमिको (आवृत्ती 4) प्रत्येक सेंड कमांडआधी एंटर मारून चालू प्रॉम्प्ट वाचतं आणि तोच पूर्ण प्रॉम्प्ट येईपर्यंत थांबतं. त्यानं थोडं रेंगाळतं खरं.

टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मर्यादा, दोन्हीकडे मुळात 10 सेकंदच. मात्र टाइमआउटची शाखा लिहिली नसेल तर एक्सपेक्ट मुकाट्यानं पुढच्या ओळीवर जातं. नेटमिको एक्सेप्शन (एरर) टाकून थांबतं. अर्धवट फाइल बरोबर समजून तुलना करण्यापेक्षा मोडलेली रन परवडली, असं आपलं माझं मत. शो टेक-सपोर्टच्या लांबलचक आउटपुटसाठी मात्र नेटमिकोत रीड टाइमआउट 300 वगैरे द्यावाच लागतो. एक्सपेक्टमध्ये त्याच कमांडला मॅच मॅक्स (बफरची मर्यादा) वाढवायला विसरू नका. मूळ 2000 बाइटच असल्यानं बफरमधला जुना मजकूर गळतो.

रीलोड, बूटलोडर, कन्सोलवरचे हो-नाहीचे प्रश्न यांत एक्सपेक्टचा हात अजून सफाईदार वाटतो. नेटमिकोत अशा ठिकाणी एक्सपेक्ट स्ट्रिंग (कोणत्या मजकुराची वाट बघायची ते) हातानं द्यावी लागते, नाहीतर ते जुन्या प्रॉम्प्टची वाट बघत बसतं. कन्सोलवर लॉगच्या ओळी आउटपुटमध्ये घुसतात, त्यापुढे दोन्ही सारखीच हतबल. नो लॉगिंग कन्सोल द्या, अर्थात लॉगिंगचीच टेस्ट नसेल तर.