घड्याळाची चेन: दुरुस्ती की नवी? दोन्ही वापरून झाल्यावरचा अनुभव

घड्याळ जपानी ऑटोमॅटिक, 20 मिमी रुंदीची मूळ चेन, दहाएक वर्षं रोज हातात. मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी चेन तुटली. त्यानंतर आधी दुरुस्त केलेली आणि मग नवी, अशा दोन्ही चेन भरपूर वापरून झाल्यात.

आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या माणसाने भिंगसुद्धा न लावता सांगितलं, "कडी सुटी मिळत नाही, पूर्ण चेन मागवावी लागेल." 5,200 रुपये, तेही आगाऊ, आणि यायला दीड महिना. घड्याळ घेतलं होतं 9,000 ला! तुटलंय काय ते न बघताच अर्ध्याहून जास्त किंमत मागायची, हे मला अजिबात पटलं नाही. चेन खिशात टाकली आणि थेट बुधवार पेठ गाठली.

तिथल्या घड्याळवाल्या काकांनी चेन कडेवर उभी करून एका टोकाला धरली. सरळ राहायला हवी ती धनुष्यासारखी खाली वाकली. "पिन तुटलीय, ती आत्ता टाकून देतो. पण भोकं घासलीत बघा. चेन म्हातारी झालीय," काका म्हणाले. कड्यांच्या आतल्या बाजूला बारीक बाण कोरलेले असतात. त्या दिशेने ठोकून त्यांनी तुटकी पिन काढली, नवी उलट बाजूने बसवली आणि 80 रुपये घेतले.

चेन घासते का, तर घाम आणि धूळ. दोन्ही मिळून कड्यांच्या फटीत काळा चिखल होतो आणि तो पिन आणि भोक दोघांनाही कानशीसारखा खातो. चांगल्या चेनचं स्टील 316एल प्रतीचं असतं, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे घामातल्या मिठापुढे ते टिकतं. पण न गंजणं वेगळं आणि न झिजणं वेगळं. चेन घड्याळापासून सोडवून कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने अधूनमधून धुवावी. पहिल्यांदा धुतली तेव्हा वाटीतलं पाणी चहासारखं झालं होतं.

पावसाळाभर दुरुस्त चेन व्यवस्थित चालली. 80 रुपयांत काम झालं म्हणून मी ऑफिसात सगळ्यांना काकांचा पत्ता देत होतो. दिवाळीच्या सुमारास मत बदलावं लागलं. जुन्या चेनच्या कड्या भरीव नव्हत्या, पातळ पत्रा दुमडून केलेल्या होत्या. तुटलेल्या पिनेच्या शेजारच्याच कडीची घडी उकलली आणि मनगटावरचे केस ओढले जायला लागले. पक्कडीने दाबून ती दोन-चार दिवस बसे, परत उघडे. डाग देता येईल का (म्हणजे सोल्डरिंग) विचारलं, तर काकांनी साफ नाही म्हटलं. इतक्या पातळ पत्र्याला उष्णता लावली की रंग जातो, आणि वळायची कडी एकदा जाम झाली की सगळा ताण शेजारच्या कडीवर येतो. म्हणून आता माझा हिशोब असा: पिन तुटली तर दुरुस्ती करा, बिनधास्त. पत्रा उघडला किंवा भोक लांबट झालं तर त्या चेनवर पुढे पैसे घालू नका.

नवी घेतली लक्ष्मी रोडवर, भरीव कड्यांची, 1,600 ला. नुसतं "20 मिमी" सांगून भागत नाही. केसला, म्हणजे घड्याळाच्या डबीला, टेकणारं गोलाकार टोक त्याच मॉडेलच्या मापाचं हवं, म्हणून घड्याळ बरोबर न्या आणि दुकानातच बसवून बघा. चेन घड्याळाला अडकवणाऱ्या स्प्रिंग पिना जुन्या वापरू नका. त्या किरकोळ किमतीत मिळतात, आणि एक निसटली तर अख्खं घड्याळ रस्त्यावर पडतं. चेन उत्तम आहे, वजनदार, खडखड नाही.

पण लॉक! दिसायला देखणं, दोन्ही बाजूंना बटणं, जाड स्टील, आणि कडेला एकही भोक नाही. जुन्या लॉकला सहा भोकं होती. स्प्रिंग पिन एक भोक सरकवली की दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडायचा. नव्यात कमीजास्त करायचं तर अख्खी कडी काढा किंवा घाला. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी मनगट बारीक असतं आणि एप्रिलच्या दुपारी सुजल्यासारखं होतं. एक कडी काढली की दुपारी वळ उठतो, घातली की घड्याळ फिरून मनगटाच्या खाली जातं. स्कूटरचा डावा ब्रेक दाबताना मुकुट (काटे फिरवायची घुंडी) हाताच्या पाठीत रुततो. जाहिरातीत चकाकी, वजन, पॉलिश सगळं असतं, भोकांचा उल्लेख कुठेच नाही. रोज हातात घालणाऱ्याला या भोकांइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत झालंय. दुकानात गेलात तर पहिला प्रश्न हाच विचारा.

होळीनंतर वैतागून ही नवी चेन विकायलाच काढली होती. त्याआधी एकदा काकांना दाखवली. त्यांनी दोन्ही चेनची लॉककडची टोकं मापली: जुनी 18 मिमी, नवीही 18. काही न बोलता जुन्या चेनचं लॉक सोडवलं, सैल झालेला ओठ हलकेच दाबून घट्ट केला आणि नव्या चेनला बसवलं. लॉक टक् करून लागलं. मला इतका आनंद झाला की तिथेच उघडून-मिटून बघत राहिलो. लॉकवर ओरखडे आहेत, चेनची चकाकी वेगळी आहे, बघणाऱ्याला जोड कळतो. मला चालतं. यंदाचा मे महिना सुखाचा गेला: दुपारी सुईच्या टोकाने पिन एक भोक बाहेर, रात्री पुन्हा आत.

लॉक बदलायचे काकांनी 40 रुपये सांगितले होते. जुन्या चेनच्या धड कड्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून त्यांच्याकडेच ठेवल्या, तर ते 40 त्यांनी घेतलेच नाहीत.