मॅकॉन्की, ईएमबी, एमएसए, एक्सएलडी: नाशिकच्या छोट्या लॅबसाठी चार पावडरींचा आढावा

सातपूर-अंबडमधली खाद्यपदार्थांची युनिटं, जिल्ह्यातल्या डेअऱ्या, शहरातल्या पाणी तपासणाऱ्या लॅब आणि कॉलेजांचे मायक्रोबायोलॉजी विभाग, या सगळ्यांच्या कपाटात जंतू वाढवून ओळखायच्या माध्यमांचे हे चार डबे हमखास असतात: मॅकॉन्की, इओसिन मिथिलीन ब्लू (ईएमबी), मॅनिटॉल सॉल्ट (एमएसए) आणि झायलोज लायसिन डीऑक्सिकोलेट (एक्सएलडी) आगर. इथे आढावा आहे तो भारतीय बनावटीच्या कोरड्या पावडरींचा, म्हणजे पाण्यात विरघळवून आपणच प्लेट ओतायच्या (आगर थंड होताना गोठतं) त्या प्रकारचा. मत आधीच सांगतो: पावडर म्हणून चारही उत्तम आहेत आणि छोट्या लॅबला आयात माल घ्यायची गरज नाही. निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा चुकीचा डबा उचलल्याने, जास्त शिजवल्याने, नाहीतर प्लेट जेवढं सांगते त्यापेक्षा जास्त तिच्याकडून वदवून घेतल्याने.

खरेदीतली सर्वात मोठी गफलत मॅकॉन्कीच्या बाबतीत होते. ‘मॅकॉन्की आगर’ या नावाखाली अनेक वेगवेगळी माध्यमं विकली जातात. रोजच्या कामाची पावडर म्हणजे ०.१५ टक्के बाइल सॉल्ट (पित्ताचे क्षार), क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) आणि मीठ असलेली. क्रिस्टल व्हायोलेट नसलेली पावडर आली तर एन्टेरोकॉकससारखे ग्रॅम पॉझिटिव्ह (ग्रॅम स्टेनने जांभळे दिसणारे) जंतूही बारीक लालसर कॉलनी (जंतूंचे ठिपके) करून उगवतात आणि नवशिक्या माणूस त्या कोलिफॉर्म (ई. कोलाय आणि त्याच्यासारखे, लॅक्टोज ही दुधातली साखर आंबवणारे जंतू) म्हणून मोजतो. मीठ नसलेली आवृत्ती वेगळी. सॉर्बिटॉल मॅकॉन्की तर पूर्ण वेगळ्या कामासाठी, ई. कोलाय ओ१५७ साठी आहे, तिथे लॅक्टोजच्या जागी सॉर्बिटॉल असतं. ऑर्डर देताना नुसतं नाव सांगू नका, कॅटलॉग क्रमांक आणि घटकांची यादी डीलरकडून लिहून घ्या.

प्रमाण डब्यावर असतं तेच पाळायचं. लिटरला ५१.५३ ग्रॅम लिहिलं असेल तर २५० मिलि माध्यमाला १२.८८ ग्रॅम, ९० मिमीच्या बारा प्लेट त्यात निघतात. डिस्टिल्ड पाणीच घ्या, बोअरच्या पाण्यातले क्षार बाइल सॉल्टशी जुळत नाहीत. पावडर थंड पाण्यात भिजवून, हलवत उकळी आणा. आगर पूर्ण विरघळल्याची खूण म्हणजे फ्लास्कच्या काचेला कण चिकटलेले दिसत नाहीत. मग १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला १५ मिनिटं. इथेच घाईचा उलटा प्रकार घडतो: ‘अजून पाच मिनिटं राहू दे’ म्हणून वेळ वाढवला जातो. जास्त शिजवलं की लॅक्टोज करपून तुटतं, पीएच खाली येतो, आगर मऊ पडून लूपखाली (जंतू ओढायच्या तारेखाली) फाटतं. अशा प्लेटवर रंगांचा भरवसा राहत नाही. तयार माध्यमाचा पीएच २५ अंशांवर ७.१ च्या आसपास, ०.२ च्या फरकात हवा. प्रत्येक बॅचमध्ये थोडं माध्यम बाजूला काढून तो मोजाच.

ओतायचं ४५ ते ५० अंशांवर, प्लेटला १८ ते २० मिलि. गरम ओतलं तर झाकणाला पाणी धरतं, ते थेंब खाली पडतात आणि कॉलनी एकमेकींत वाहून जातात. नाशिकच्या थंडीत याच्या उलट होतं. निफाडचा पारा एक आकडी होतो त्या आठवड्यांत थंड टेबलावर प्लेट ओतता ओतताच आगर फ्लास्कमध्ये गाठाळायला लागतं. फ्लास्क ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवून एकेक बाहेर काढायचा, आणि पुन्हा वितळवायची वेळ आली तर एकदाच. वापरण्याआधी प्लेट उपड्या करून, झाकण किंचित सरकवून ३७ अंशांवर वीस-तीस मिनिटं वाळवा. ओल्या पृष्ठभागावर केलेलं स्ट्रीकिंग (लूपने नमुना रेघांत ओढणं) वाया जातं.

आता वाचन. मॅकॉन्कीवर ई. कोलायच्या कॉलनी गुलाबी-लाल असतात आणि भोवती बाइलचा धुरकट वर्तुळाकार साका दिसतो. क्लेब्सिएलाच्या गुलाबी पण चिकट, फुगीर. साल्मोनेला, शिगेला, प्रोटियस, स्युडोमोनास यांना लॅक्टोज आंबवता येत नाही, त्यांच्या कॉलनी बिनरंगी राहतात. बाइलमुळे प्रोटियसचं प्लेटभर पसरणं आवरलं जातं, ही या माध्यमाची मोठी सोय. पण प्लेट १८ ते २४ तासांतच वाचा. ४८ तासांनंतर उशिरा आंबवणारे जंतू गुलाबी होतात, आणि लॅक्टोज संपवलेले जंतू पेप्टोनवर (माध्यमातल्या प्रथिनांच्या तुकड्यांवर) वळून गुलाबी रंग गमावू शकतात. दाट उगवलेल्या भागात शेजारच्या कॉलनीतून झिरपलेल्या आम्लाने बिनरंगी कॉलनीही गुलाबी दिसते, म्हणून मत फक्त सुट्या कॉलनीवर द्यावं. ऑक्सिडेज चाचणी (जंतूतलं एक एन्झाइम रंग बदलून दाखवणारी) मॅकॉन्कीवरच्या कॉलनीवरून करू नका. आम्ल आणि रंग दोन्ही निकाल चुकवतात. आधी न्यूट्रिएंट आगर या साध्या माध्यमावर नवी कॉलनी घ्या.

ईएमबीबद्दल आमचं मत थोडं सावध आहे. हिरवी धातूसारखी चकाकी पाहून ‘ई. कोलाय आहे’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. ती चकाकी भरपूर आम्लात इओसिन आणि मिथिलीन ब्लू एकत्र साकळल्याने येते, म्हणजे ती जोरदार आंबवण्याची खूण आहे. ई. कोलायचे सगळे स्ट्रेन (उपप्रकार) ती देत नाहीत आणि अधूनमधून दुसरा एखादा कोलिफॉर्मही देतो. चकाकी समोरून पाहून दिसत नाही. ट्यूबलाइटखाली प्लेट तिरकी धरा. इथेही डब्यावरचं नाव नीट वाचा: ‘लेव्हिन’ प्रकारात फक्त लॅक्टोज असतं, साध्या ईएमबीत बहुधा लॅक्टोजबरोबर सुक्रोजही. सुक्रोज आंबवणारा पण लॅक्टोज न आंबवणारा जंतू दोन्हींवर वेगळा दिसेल. ओतण्याआधी फ्लास्क हलवून साका मिसळून घ्या, आणि तयार प्लेट अंधारात ठेवा. उजेडात हे रंग बदलून जंतूंना विषारी ठरतात आणि वाढ कमी दिसते. खिडकीतल्या उन्हात ठेवलेली ईएमबी प्लेट वापरायचीच नाही.

मॅनिटॉल सॉल्ट आगरला लिटरला तब्बल १११ ग्रॅम पावडर लागते, कारण त्यात ७.५ टक्के मीठ असतं. म्हणून ५०० ग्रॅमचा डबा साडेचार लिटरच पुरतो, हे बजेट मांडताना ध्यानात घ्या. मिठात टिकणारे स्टॅफिलोकॉकस उगवतात, मॅनिटॉल आंबवणारा स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) ऑरियस माध्यमातल्या फिनॉल रेड या सूचक रंगाला पिवळं करतो, एपिडर्मिडिस गुलाबी-लालच राहतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला यापेक्षा स्वच्छ दिसणारं उदाहरण नाही. पण पिवळं म्हणजे ऑरियसच असं नाही: सॅप्रोफिटिकसही मॅनिटॉल आंबवू शकतो, काही बॅसिलस मोठ्या चपट्या कॉलनी करून उगवतात. ग्रॅम स्टेन, कॅटालेज आणि कोअॅग्युलेज या तीन पायऱ्या केल्याशिवाय रिपोर्टवर नाव लिहू नये. खवा-पेढ्यांसारख्या तापवलेल्या पदार्थांना आम्ही हे माध्यम देणार नाही. उष्णतेने जखमी झालेला स्टॅफ एवढं मीठ सोसत नाही आणि प्लेट खोटी स्वच्छ दिसते. तिथे बेअर्ड-पार्कर घ्यावं: ९५० मिलि बेसमध्ये ४५-५० अंशांवर ५० मिलि एग योक टेल्युराइट. महाग पडतं, पण काळी कॉलनी आणि भोवतीचं स्वच्छ वर्तुळ या जोडीवर विश्वास ठेवता येतो.

चौघांत सर्वात जास्त हाल एक्सएलडीचे होतात, कारण ते ऑटोक्लेव्हमध्ये घातलं जातं. डब्यावर ‘ऑटोक्लेव्ह करू नये’ लिहिलेलं असतं, तरी सवयीने फ्लास्क आत जातो. उकळी येताच बंद करायचं, लगेच ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये नेऊन ओतायचं. जास्त तापवलं की साका बसतो. योग्य बनलेली प्लेट लाल आणि पारदर्शक असते. तिची रचना पाहण्यासारखी आहे: साल्मोनेला आधी झायलोज आंबवतो, ते संपलं की लायसिन तोडून माध्यम पुन्हा अल्कधर्मी करतो, म्हणून कॉलनी लाल; थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनून मध्यभाग काळा. ई. कोलाय झायलोजबरोबर लॅक्टोजही आंबवून पिवळा दिसतो, शिगेला लाल पण बिनकाळा. काही प्रोटियसही काळा ठिपका देतात, म्हणून टीएसआय (ट्रिपल शुगर आयर्न) आणि युरियेज या पुढच्या चाचण्या हव्यातच. आणि नमुना थेट एक्सएलडीवर ओढून ‘साल्मोनेला नाही’ म्हणू नका. २५ ग्रॅम पदार्थ २२५ मिलि बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, मग निवडक एनरिचमेंट (हवा तो जंतू वाढवणारं द्रव माध्यम), मग प्लेट, हा क्रम टाळता येत नाही.

हीच गोष्ट पाण्यालाही लागू. गोदावरीचं रामकुंडाजवळचं पाणी आणि नळाचं क्लोरीन घातलेलं पाणी एकाच पद्धतीने घेऊ नये. नळाच्या नमुन्यासाठी निर्जंतुक बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं, १२० मिलि बाटलीला ३ टक्के द्रावण ०.१ मिलि. नाहीतर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि निकाल नमुना घेतल्या क्षणाचा राहत नाही. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलि पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये. एवढ्या कडक मर्यादेला मॅकॉन्कीवरची गुलाबी कॉलनी ही फक्त सुरुवात आहे. पुढे इंडोल, मिथाइल रेड, व्हीपी (व्होजेस-प्रॉस्कॉर), सिट्रेट या चार चाचण्या: नेहमीचा ई. कोलाय पहिल्या दोन चाचण्यांत पॉझिटिव्ह, नंतरच्या दोनांत निगेटिव्ह.

प्रत्येक नव्या डब्याची आणि प्रत्येक ओतलेल्या बॅचची परीक्षा ओळखीच्या स्ट्रेनवर घ्या. ई. कोलाय एटीसीसी (अमेरिकेतला जंतूसंग्रह) २५९२२, स्टॅफ ऑरियस २५९२३, एपिडर्मिडिस १२२२८ आणि साल्मोनेला १४०२८ एवढ्यांत चारही माध्यमं तपासता येतात. भारतात स्ट्रेन घ्यायचे तर पुण्याच्या एनसीएलमधलं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं) एनसीआयएम आणि चंदीगडचं एमटीसीसी हे जंतूसंग्रह ही नेहमीची ठिकाणं. जंतू उगवतो का एवढंच पाहून थांबू नका. जो उगवू नये तो खरंच अडतो का, हेही पाहा. मॅकॉन्कीवर स्टॅफ ऑरियस उगवला तर तो डबा परत करावा.

क्रोमोजेनिक (जंतूगणिक वेगळा रंग देणाऱ्या) पावडरी आता सहज मिळतात. ई. कोलाय निळसर, इतर कोलिफॉर्म गुलाबी, वाचन सोपं. किंमत साध्या पावडरीच्या कित्येक पट आहे. रोज पाण्याचे बरेच नमुने येणाऱ्या लॅबला वेळेच्या हिशेबात परवडतं, प्रॅक्टिकलला नाही. दिंडोरी रस्त्यावरच्या वायनरींना मात्र या चौघांचा फारसा उपयोग नाही. त्यांना डब्ल्यूएल (वॉलरस्टाइन लॅबोरेटरी) न्यूट्रिएंट आणि डब्ल्यूएल डिफरन्शियल ही जोडी लागते. दुसऱ्यात सायक्लोहेक्झिमाइड असल्याने वाइनचं नेहमीचं यीस्ट दबतं, आम्ल करणारे जंतू आणि वाइन बिघडवणारं ब्रेटॅनोमायसिस यीस्ट उगवतात. ब्रेटॅनोमायसिस सावकाश वाढतं, प्लेट आठवड्याच्या आत टाकून देऊ नये. सायक्लोहेक्झिमाइड विषारी आहे, पावडर तोलताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

डबा केवढा घ्यावा? जून ते सप्टेंबर नाशिकची हवा दमट असते आणि या सगळ्या पावडरी ओल ओढतात. महिन्याला लिटरभरही माध्यम लागत नसेल तर १०० ग्रॅमचा डबाच घ्या, ग्रॅममागे थोडा महाग पडला तरी. डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहा, तोलून होताच घट्ट बंद करा, गाठी झालेली किंवा रंग बदललेली पावडर फोडून वापरू नका. दुकानातून घेताना एक्स्पायरी आणि त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा. उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेला माल नको. ओतलेल्या प्लेट पिशवीत बंद करून २ ते ८ अंशांवर दोन आठवडे, त्यापुढे नाही. वापरलेल्या प्लेट आधी ऑटोक्लेव्ह करून मगच जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत.