टाइल फोडण्याआधी कार्ट्रिज बाहेर काढून दाखवायला सांगा

शॉवर बंद केला तरी टपटप थांबत नाही, दांडा जड फिरतो. प्लंबर येतो, दांडा दोनदा हलवतो आणि सांगून मोकळा होतो, "ताई, आतली बॉडीच गेलीय, भिंत फोडावी लागेल." बॉडी म्हणजे भिंतीत पक्कं बसवलेलं पितळी घर, आणि कार्ट्रिज म्हणजे त्यात बसणारा, पाणी चालू-बंद करणारा, बदलता येणारा भाग. बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावरच्या सोसायट्यांत हा प्रकार सर्रास चालतो. अशाच एका फ्लॅटमध्ये चार टाइल्स फुटल्या, नवा कन्सील्ड डायव्हर्टर (भिंतीत बसवलेला, पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा व्हॉल्व्ह) बसला, मजुरीसकट 14,500 रुपये गेले. राडारोड्याच्या गोणीत जुनी बॉडी हाताला लागली तेव्हा खरं काय ते कळलं. कार्ट्रिज जागेवर धरून ठेवणाऱ्या पितळी लॉकनटवर क्षाराचा पांढरा थर जसाच्या तसा, पान्याचा एक ओरखडा नाही. नट उघडायचा प्रयत्नसुद्धा झाला नव्हता! आत अडकलेलं कार्ट्रिज आणि शाबूत बॉडी.

शॉवरमधून किंवा नळातून सतत ठिबकत असेल तर दोष बहुतेक वेळा कार्ट्रिजचाच असतो. आतल्या सिरॅमिक चकत्यांवर चरे पडतात, रबरी सील कडक होतं. भिंतीच्या पलीकडे ओल आली, रंगाचे पोपडे सुटले, तर मात्र बॉडीवर किंवा पाइपच्या जोडावर संशय घ्यावा. फोडाफोडीचा विषय तिथे येतो. कार्ट्रिज काही शे रुपयांत, चांगल्या कंपनीचं हजार-दीड हजारात मिळतं.

काढायची रीत अशी. गिझर बंद, गार-गरम दोन्ही लाइनींचे कॉक बंद, नळ उघडून उरलेलं पाणी काढून टाका. खाली जाळीवर फडकं टाका, बारीक स्क्रू तिथेच हरवतात. दांड्यावरची लाल-निळी टिकली काढली की आत ॲलन स्क्रू दिसतो, बहुधा 2.5 किंवा 3 मिमीचा. दांडा, फ्लँज (भिंतीला टेकलेली चकती) आणि घुमट (नटावरचं टोपीसारखं झाकण) काढल्यावर लॉकनट दिसतो.

खरी गडबड इथेच होते. क्षार धरलेल्या नटावर पाइप पाना लावून जोर मारला, तर भिंतीतली बॉडी फिरते, सीपीव्हीसीचा (प्लास्टिक पाइपचा) जोड तडकतो आणि मग भिंत खरोखरच फोडावी लागते. म्हणून आधी व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नटाभोवती अर्धा-पाऊण तास गुंडाळून ठेवा. संडास साफ करायचं ॲसिड अजिबात नको, ते पितळ आणि क्रोम दोन्ही खातं. मग सपाट जबड्याचा पाना लावून नट आधी किंचित आवळा, नंतर उलटा फिरवा. नाही हलला तर परत भिजवा.

डायव्हर्टरच्या कार्ट्रिजला तळाशी दोन खुंट्या असतात, त्या बॉडीतल्या खाचांत बसतात. ते गोल फिरवायचं नाही, हलकेच डुलवत सरळ ओढायचं. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटलं की बॉडीच्या बैठकीवर चरा पडतो आणि नवं कार्ट्रिजही गळतं. जुनी ओ-रिंग (सीलची रबरी कडी) तळाला चिकटून राहिली नाही ना, हे टॉर्च मारून बघा.

दुसरी फसवणूक दुकानात होते. व्यास सारखा, 35 किंवा 40 मिमी, म्हणून भलतंच कार्ट्रिज गळ्यात मारतात. उंची आणि खुंट्यांची जागाही जुळली पाहिजे, त्यामुळे जुना नमुना घेऊनच जा आणि पक्कं बिल मागा. फिटिंग वॉरंटीत आहे का, तेही आधी तपासा.

बसवण्यापूर्वी बादली धरून कॉक क्षणभर उघडा, म्हणजे कचरा निघून जाईल. सीलला सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा द्या. पाणी सोडून दांडा सगळ्या बाजूंना फिरवून बघा, दहा मिनिटं कोरडं राहिलं की कव्हर लावा. कारागिराचे पैसे त्यानंतरच द्या, आणि जुना भाग स्वतःकडे ठेवून घ्या.