प्रेशर कॅनिंगच्या बरण्या घेताना : नकली मालाचा एक अनुभव

२०२० साली टाळेबंदीच्या काळात अमेरिकेत परसबागा वाढल्या, घरी भाजीपाला टिकवणारे वाढले आणि कॅनिंगच्या, म्हणजे अन्न बरणीत भरून, तापवून, हवाबंद करून टिकवण्याच्या बरण्यांचा, त्याहूनही अधिक त्यांच्या झाकणांचा, दुकानांत तुटवडा पडला. २०२१ च्या उन्हाळ्यातही हा तुटवडा पुरता सरला नव्हता. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या ओळखीच्या मराठी घरांपैकी कित्येकांच्या अंगणात टोमॅटो, फरसबी आणि चवळी होतेच, त्यामुळे ऑगस्ट महिन्यात बरण्यांची चौकशी घरोघरी चाललेली असते. त्याच सुमारास एका संकेतस्थळाने मला नामांकित कंपनीच्या म्हणून ज्या बरण्या विकल्या, त्या नकली निघाल्या. रक्कम बऱ्याच खटपटीनंतर परत मिळाली. तरीही हे सविस्तर लिहीत आहे, कारण तशाच बरण्या आजही विकल्या जात असणार आणि त्यांत अन्न भरून ते खाल्ले गेले, तर प्रकरण पैशांपुरते राहणार नाही.

धोका नेमका कोठे आहे, हे आधी सांगणे आवश्यक आहे. लोणची, मुरंबे, जॅम अशा आंबट पदार्थांना उकळत्या पाण्यातले कॅनिंग पुरते. फरसबी, मका, राजमा, छोले, चवळी, मांसाचा किंवा भाज्यांचा अर्क हे पदार्थ मात्र कमी आम्लतेचे, म्हणजे ज्यांचा पीएच (आम्लतेचे माप; आम्लता कमी तसा हा आकडा मोठा) ४.६ पेक्षा अधिक आहे अशा गटातले आहेत. बॉट्युलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू १०० अंश सेल्सियसला उकळूनही टिकून राहतात, आणि हवा नसलेली, आम्ल नसलेली, ओलसर बंद बरणी ही त्यांना वाढायला अगदी सोयीची जागा असते. म्हणून हे पदार्थ प्रेशर कॅनर या खास मोठ्या बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली सुमारे ११६ अंशांपर्यंत तापवावे लागतात. भिजवून उकळलेला राजमा किंवा चवळी क्वार्टच्या (सुमारे एक लिटरच्या) बरणीत भरली, तर तो दाब ९० मिनिटे आणि पाइंटच्या (सुमारे अर्ध्या लिटरच्या) बरणीत ७५ मिनिटे टिकवावा लागतो. एवढा वेळ बरणीच्या काचेने तग धरायचा, झाकणाने आतली हवा बाहेर जाऊ द्यायची आणि बरणी निवताना तेच झाकण हवाबंद बसायचे, अशी ही सगळी रचना आहे. यांतले काही फसले, तर तयार झालेल्या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही, त्यामुळे पदार्थ चाखून काहीच कळत नाही.

या कामासाठी कोणती बरणी चालते, याविषयी अमेरिकेत संदिग्धता नाही. कृषी खात्याची मार्गदर्शिका आणि जॉर्जिया विद्यापीठातील नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्वेशन हे दोघेही घरगुती कॅनिंगसाठीच बनवलेली, आट्यांची मेसन पद्धतीची बरणी आणि दोन भागांचे स्वयंबंद झाकण सुचवतात. त्या झाकणाचा एक भाग म्हणजे पत्र्याची सपाट चकती आणि दुसरा म्हणजे ती जागेवर धरून ठेवणारे आट्यांचे कडे. चकतीच्या खालच्या बाजूला कडेने एक पन्हळ असते आणि त्या पन्हळीत लुकणासारखा थर बसवलेला असतो. तापल्यावर हा थर मऊ होऊन बरणीच्या काठावर पसरतो, पण हवेला वाट देतो. निवताना तो घट्ट होतो आणि बरणी बंद होते. चकती एकदाच वापरायची असते, कडे आणि बरणी मात्र गंज किंवा टवका नसेल तोवर पुन्हा पुन्हा वापरता येतात. बरणीचे सारे मोल काचेच्या काठात आणि चकतीच्या या थरात असते, आणि नकली मालात नेमक्या याच दोन जागी काटकसर केलेली होती.

त्या संकेतस्थळाच्या पत्त्यात एका जुन्या, घराघरांत माहीत असलेल्या बरणी कंपनीचे नाव आणि त्यापुढे विक्रीसूचक शब्द जोडलेला होता. छायाचित्रे त्या कंपनीच्या खोक्यांचीच होती. रुंद तोंडाच्या क्वार्टच्या डझनभर बरण्यांची किंमत बाजारभावाच्या जवळपास निम्मी होती, कारण म्हणे कोठार रिकामे करायचे होते, आणि पानाच्या वरच्या बाजूला सवलत संपायला उरलेला वेळ सरकताना दिसत होता. इतर सगळीकडे माल संपलेला असताना एकाच ठिकाणी तो मुबलक आणि स्वस्त असावा, ही विसंगती तुटवड्याच्या काळात नजरेआड होते, आणि असे विक्रेते ती नजरेआड होईल याच बेताने मांडणी करतात. दूरध्वनी क्रमांक कोठेच नव्हता. परतीच्या नियमांत, माल परत करण्याचा पत्ता विनंती मंजूर झाल्यावरच कळवला जाईल, असे एक वाक्य होते, आणि पुढे सगळे प्रकरण त्याच वाक्यावर अडकले.

अपेक्षेपेक्षा बऱ्याच उशिराने साध्या तपकिरी खोक्यात बरण्या आल्या. काचेवर उठावाची अक्षरे होती, पण त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. जॉन लँडिस मेसन यांना आट्यांच्या बरणीचे पेटंट १८५८ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाले आणि त्याची मुदत केव्हाच संपली, त्यामुळे बरणीवर मेसन लिहिलेले असणे हा कसलाच पुरावा नाही. सरबत पिण्याच्या दांड्याच्या पेल्यांवरही ते लिहिलेले असते. मी माझ्या जुन्या खात्रीच्या बरण्यांपैकी एक शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा फरक चटकन उमगले. नव्या बरणीची काच जागोजागी कमी-जास्त जाडीची होती, तळाशी बुडबुडे होते आणि साच्याची सांधरेषा थेट काठावरून गेलेली होती. काठावरून बोट फिरवले की ती रेषा बोटाला जाणवत होती. जिथे चकतीचा थर टेकायचा, तिथेच असा उंचवटा असेल तर हवाबंद होणे दैवावर सोपवल्यासारखे आहे. बरणी सपाट काचेवर पालथी ठेवली, तर ती डुगडुगत होती.

चकत्यांची अवस्था याहून वाईट होती. रुंद तोंडाची चकती सुमारे ८६ मिलिमीटर व्यासाची आणि नेहमीच्या तोंडाची सुमारे ७० मिलिमीटरची असते. आलेल्या चकत्या मापाने जवळपास होत्या, पण पत्रा इतका पातळ होता की अंगठ्याने दाबला तरी वाकत होता. पन्हळ नव्हतीच, सपाट पत्र्यावर रबराची एक बारीक कडी नुसती चिकटवलेली होती. शेजारच्या काकूंनी तिथल्या तिथे नख घालून ती कडी अख्खी सोडवली आणि म्हणाल्या, “अरे, हे झाकण साखरेच्या डब्यालाही लावू नकोस.” त्यांनी इथे अनेक वर्षे कॅनिंग केलेले आहे, त्यामुळे त्यांच्या या एका वाक्यावर माझा विश्वास बसला.

पुढे तक्रारीसाठी पुरावा हवा होता, म्हणून त्या बरण्यांत अन्न न भरता गरम पाणी भरले आणि वरती एक इंच जागा मोकळी सोडून त्या प्रेशर कॅनरमध्ये नेहमीच्या पद्धतीने चालवल्या. तळाला जाळी, आत दोन-तीन इंच पाणी, दहा मिनिटे वाफ बाहेर जाऊ देणे आणि दाब आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात न लावणे, हे सगळे नियम पाळले. तरीही काही बरण्यांचे बूड गोल चिरून वेगळे झाले, आणि बऱ्याच चकत्या मध्यभागी फुगून सुरकुतल्या. सर्वांत घातक मला त्या बरण्या वाटल्या, ज्या वरवर व्यवस्थित बंद झाल्या होत्या. निवताना त्यांच्या चकत्यांचा तो ओळखीचा ‘टक्’ आवाज झाला, मध्यभाग खाली गेला, आणि दुसऱ्या दिवशी कडे काढून चकतीची कड बोटांनी उचलताच ती सहज निघून आली. कडे तसेच ठेवून बरणी फडताळात गेली असती, तर हे कळलेच नसते. म्हणून बारा ते चोवीस तासांनी कडे काढून चकती तपासण्याची पायरी कोणीही, चांगल्या बरणीच्या बाबतीतही, गाळू नये. पाण्याची ही चाचणी केवळ वाईट बरणी उघडी पाडते. तिच्यात टिकलेली बरणी अन्नासाठी सुरक्षित ठरते, असा तिचा अर्थ नाही.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तेव्हा उत्तर अत्यंत विनम्र आले. बरण्या ठेवून घ्या, आम्ही किमतीच्या पंधरा टक्के परत करतो, असे त्यांचे म्हणणे होते. नकार दिल्यावर तीस टक्के झाले. पूर्ण रक्कम मागितली, तेव्हा माल परदेशातील एका पत्त्यावर स्वखर्चाने पाठवायला सांगण्यात आले, आणि काचेच्या त्या खोक्याचा टपालखर्च मालाच्या किमतीहून अधिक होता. प्रत्येक उत्तरात आणखी काही कामकाजाचे दिवस थांबण्याची विनंती असे. हा विलंब मुद्दाम केला जात होता. अमेरिकेत १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टनुसार, ठरल्याप्रमाणे माल मिळाला नाही, तर ज्या बिलात ती रक्कम प्रथम दिसते ते बिल पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे लेखी हरकत घेता येते. ती मुदत बोलण्या-बोलण्यात उलटून जावी, हा अशा विक्रेत्यांचा सगळा डाव असतो. विक्रेत्याशी पत्रव्यवहार चालू असला तरी हरकत घेण्यासाठी त्याच्या उत्तराची वाट पाहण्याची गरज नाही.

हरकतीचे पत्र बिलावर चौकशीसाठी दिलेल्या स्वतंत्र पत्त्यावर पाठवावे; बिल भरण्याचा पत्ता बहुधा वेगळा असतो. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची असते आणि दोन बिलचक्रांत, उशिरात उशिरा ९० दिवसांत, निकाल द्यायचा असतो. मी मोजपट्टीसह काढलेली छायाचित्रे, जाहिरातीचे पान जसेच्या तसे जतन केलेली प्रत आणि सगळा पत्रव्यवहार जोडला होता. जाहिरातीची प्रत विशेष उपयोगी पडली, कारण मूळ पान तोवर नाहीसे झाले होते आणि तीच छायाचित्रे दुसऱ्याच नावाच्या संकेतस्थळावर झळकत होती. झेलसारख्या, खात्यातून खात्यात थेट पैसे पाठवण्याच्या सोयीने पैसे पाठवले असते, तर हे संरक्षण मिळालेच नसते. त्यामुळे अनोळखी विक्रेता क्रेडिट कार्ड न घेता थेट पैसे पाठवायला सांगत असेल, तर तिथेच थांबावे. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे तक्रारही जरूर नोंदवावी, मात्र आपली रक्कम परत मिळवून देणे हे त्या तक्रारीचे काम नसते.

तुटवडा असला की लोक दुसऱ्या वाटाही शोधतात, आणि त्यांतल्या काही नकली मालाइतक्याच धोक्याच्या आहेत. पास्ता सॉस किंवा मेयोनेजच्या रिकाम्या बरण्यांना दोन भागांचे झाकण कधीकधी बसते. आंबट पदार्थांसाठी ती तडजोड फुटण्याची जोखीम पत्करून काही जण करतात, पण प्रेशर कॅनरमध्ये त्या बरण्या घालू नयेत. तारेच्या कडीच्या, काचेच्या झाकणाच्या जुन्या बरण्या दिसायला फार देखण्या असतात, त्यांत डाळी ठेवाव्यात. आणि आपल्या घरोघरी असलेला शिट्टीचा कुकर या कामाला चालत नाही, हे विशेष आग्रहाने सांगतो, कारण हा प्रश्न मराठी मंडळींकडून मला वारंवार येतो. लहान कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो, तर कॅनिंगच्या वेळा किमान चार क्वार्ट बरण्या उभ्या मावतील अशा कॅनरसाठी ठरवलेल्या आहेत. भारतात कॅनर नेऊन हे करू पाहणाऱ्यांनी उंचीकडेही पाहावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, म्हणजे १,००० फुटांच्या वर आहे, त्यामुळे तिथे वजनाच्या कॅनरवर (ज्यात झाकणावरचे वजन आतला दाब राखते) १० ऐवजी १५ पौंड दाबाचे वजन लागते.

ज्यांनी अशा बरण्या घेतल्या आहेत आणि त्यांत कमी आम्लतेचे पदार्थ आधीच भरून ठेवले आहेत, त्यांनी ते चाखू नयेत आणि जनावरांनाही घालू नयेत. ज्या बरण्या अजून बंद आहेत, त्या न उघडता जाड पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्याव्यात. ज्या गळत आहेत किंवा ज्यांचे झाकण सुटले आहे, त्या हातमोजे घालून मोठ्या पातेल्यात आडव्या ठेवाव्यात, त्यांच्या वर किमान एक इंच पाणी येईल इतके पाणी हलक्या हाताने, न शिंपडता घालावे आणि झाकण ठेवून ३० मिनिटे उकळल्यानंतरच टाकाव्यात.