एक डोळा लेसरने, एक फेकोने: सहा महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीनंतर माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू लेसरच्या साहाय्याने काढला. त्यात सोयाबीनचे बरेच पैसे गेल्यामुळे महिन्याभराने डावा डोळा नेहमीच्या फेको पद्धतीने (बारीक छेदातून अल्ट्रासाउंडने बिंदू फोडून शोषून घेणे) करून घेतला. दोन्ही शस्त्रक्रिया छत्रपती संभाजीनगरात एकाच डॉक्टरांनी केल्या आणि दोन्हीकडे एकाच कंपनीचे मोनोफोकल (एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखवणारे) भिंग बसवले, म्हणून मला ही तुलना करता येते.

आमच्या परभणीकडे लेसर म्हणजे बिनकापाचे ऑपरेशन, असा समज आहे आणि मीही तोच धरून गेलो होतो. प्रत्यक्षात फेमटोसेकंद लेसर बुबुळावरचा छेद घेतो, भिंगाच्या आवरणाला गोल खिडकी पाडतो आणि बिंदूचे तुकडे करतो. त्यानंतर ते तुकडे शोषून घेणे व नवे भिंग बसवणे हे काम फेकोच्याच यंत्राने आणि डॉक्टरांच्याच हाताने होते. लेसरच्या वेळी डोळ्यावर एक कडे दाबून बसवतात. त्याच्या दाबाने पांढऱ्या भागात रक्ताचा लाल डाग उमटला व तो जायला दहा-बारा दिवस लागले. डाव्या डोळ्याला तसे काही झाले नाही. थेंब, पथ्य आणि चुलीच्या धुरापासून जपणे दोन्ही वेळा सारखेच होते.

आज एकेक डोळा झाकून पाहिले तर दूरच्या एसटीची पाटी दोन्हींनी सारखीच स्वच्छ दिसते आणि वर्तमानपत्राला दोन्हींना चष्मा लागतो. फ्रान्समधील 5 विद्यापीठीय रुग्णालयांत या दोन पद्धतींची तुलना झाली होती. 2020 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या तिच्या निष्कर्षांतही लेसर सरस ठरला नाही, खर्च मात्र जास्त आला. हे मला आधी कोणी सांगायला हवे होते, याचे मनापासून वाईट वाटते. कठीण बिंदूत लेसरमुळे आत अल्ट्रासाउंड कमी वापरावे लागते हे खरे आहे, पण माझा बिंदू तसा नव्हता.

दवाखान्यात मला लेसर आणि भिंग यांचा एकच आकडा सांगितला गेला. दोन्हींचे दर वेगवेगळे लिहून मागावेत, कारण नजर कशी मिळेल हे पुष्कळसे भिंगाच्या निवडीवर आणि त्याच्या मोजमापावर ठरते.

माझ्या थोरल्या भावाचा बिंदू पिकून पूर्ण पांढरा झाला आहे. त्यातून लेसरचा किरण नीट आत जात नाही, म्हणून त्याचे तुकडे हातानेच होणार आहेत. पुढच्या आठवड्यात मी त्याला घेऊन जात आहे.