पहिलं सी-प्लेन मॉडेल : रूफ घ्यावं की कॅटलिना?

सी-प्लेनचं किट निवडताना बहुतेकांचं लक्ष खोक्यावरच्या चित्राकडे जातं. काम मात्र अडतं ते विमानाच्या पोटाखाली. फ्लोट (विमानाला पाण्यावर तरंगवणारे पोकळ भाग), त्यांचे टेकू, पाण्याला लागणारा तळ आणि त्या तळावरची पायरी, यातलं काहीही साध्या लढाऊ विमानाच्या किटमध्ये नसतं. चार-पाच साधी विमानं जोडलेला माणूसही इथे चुकतो. म्हणून या आढाव्यात दोन्ही किटची तुलना पोटाखालच्या भागावरून केली आहे. दोन्ही १/७२ मापाची आहेत : हासेगावा कंपनीचं जपानी फ्लोट-विमान ए६एम२-एन 'रूफ' आणि अकॅडमी कंपनीचं अमेरिकी उडती बोट कॅटलिना. जाता जाता आणखी दोन पर्यायही पाहू.

पैसे खर्च करण्याआधी एक काम करा. गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन तिथलं शॉर्ट सीलँड नीट बघा. १९५३ पासून भारतीय नौदलात आलेलं हे दोन इंजिनांचं उभयचर विमान आहे. खाली वाकून तळ पाहिला की मधली पायरी दिसते. धावताना पाणी तिथे तळापासून सुटतं, विमान चिकटून राहत नाही आणि उडू शकतं. तिची कड धारदार असते. मॉडेलवर ही कड घासून गोल झाली तर जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. पंखाखालचे छोटे फ्लोट आणि त्यांचे टेकू यांचे फोटो समोरून आणि बाजूने काढून ठेवा, जोडणी करताना कामी येतात.

आकार आणि वेळ

रूफ म्हणजे झीरो या जपानी लढाऊ विमानाला चाकांऐवजी फ्लोट लावून नाकाजिमा कंपनीने केलेलं रूप. अशी ३२७ विमानं बनली. खऱ्या विमानाचा पंखविस्तार १२ मीटर, म्हणजे मॉडेल जेमतेम १६.७ सेंटिमीटर रुंद आणि १४ सेंटिमीटर लांब. कॅटलिनाचा विस्तार ३१.७ मीटर, तेव्हा मॉडेल ४४ सेंटिमीटर रुंद आणि २७ लांब. पुस्तकांच्या साध्या कप्प्यात ते मावत नाही आणि रंगवताना एका हातात धरवत नाही. रोज तासभर बसलात तर रूफ तीन आठवड्यांत उभं राहतं. कॅटलिनाला दोन-अडीच महिने धरून चाला.

रूफ : सगळी परीक्षा एका खांबाची

धड, पंख आणि कॉकपिट इतर कुठल्याही झीरोसारखंच जुळतं, त्यावर वेळ घालवायला नको. खरं काम मधल्या मोठ्या फ्लोटचं.

फ्लोट डाव्या-उजव्या अर्ध्या भागांत येतो, त्यामुळे जोड नेमका वरच्या पाठीवर आणि खालच्या कण्यावर पडतो. दोन्ही भाग कोरडे धरून फटीत पातळ सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा मॉडेलचा गोंद) ब्रशने सोडा, दहा सेकंद थांबा आणि दाबा. वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ बाहेर आली पाहिजे. तीच पुट्टीचं काम करते. चोवीस तास हात लावू नका. घाईत घासलं तर मऊ प्लास्टिक नंतर आक्रसतं आणि रंगाखाली खाच उमटते. मग ४००, ८००, १२०० अशा क्रमाने वॉटर पेपर, पाण्यासह. खालचा कणा मात्र टोकदार राहिला पाहिजे. त्यासाठी पेपर कडक पट्टीवर चिकटवून दोन्ही उतार वेगवेगळे घासा. बोटाने घासलं की कणा सपाट होतो.

फ्लोट धडाला लावताना फेविक्विक वापरू नका. दुरुस्तीला वेळच मिळत नाही. जाड सिमेंट दहा-एक मिनिटं हलवू देतं. विमान उलटं ठेवा, पंखांखाली सारख्या उंचीच्या आगपेट्या सरकवा, मुख्य खांब बसवा आणि नाकाच्या बाजूने डोळा लावून बघा. फ्लोटचा कणा आणि शेपटीचं उभं पान एका रेषेत दिसलं पाहिजे. मागचे बारीक टेकू त्यानंतर लावा. आधी लावले तर तेच खांबाला एका बाजूला ओढतात. पंखाखालचे दोन छोटे फ्लोट एकेका टेकूवर उभे असतात आणि हाताळताना हमखास तुटतात. ते रंगकाम संपल्यावर बसवा, आणि बसवण्याआधी जोडाच्या जागेवरचा रंग ब्लेडने खरवडून काढा. सिमेंट रंगाला धरत नाही, प्लास्टिकलाच धरतं.

या किटचा तोटा असा की पूर्ण झाल्यावर ते स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. ट्रॉली किंवा स्टँड लागतो. किटमध्ये काय येतं ते विक्रेत्याला आधीच विचारा.

कॅटलिना : तळ, काच आणि वजन

इथे फ्लोट गौण आहेत. पंखाच्या टोकाचे फ्लोट उड्डाणात मिटतात. ते मिटलेले दाखवले तर टेकूंची कटकटच उरत नाही. अवघड आहे ते धड, कारण तेच बोट आहे. दोन लांब अर्धे भाग बऱ्याचदा किंचित वाकलेले निघतात. एकदम जोडायला जाऊ नका. शेपटीकडून सुरुवात करून चार-पाच सेंटिमीटर जोडायचं, टेप लावायची, सुकू द्यायचं आणि पुढे सरकायचं. वाक जास्त असेल तर भाग गरम पाण्यात मिनिटभर धरून हाताने सरळ करा. पाणी उकळतं नको, हाताला सोसेल त्याहून थोडंच कडक पुरे.

तळावर दोन पायऱ्या आहेत आणि जोड दोन्हींमधून जातो. पुट्टी भरताना पायरीच्या कडेला मास्किंग टेप लावा, म्हणजे कड बुजत नाही. मधल्या कोपऱ्यात पेपर पोचत नाही, तिथे आइस्क्रीमच्या काडीचं टोक तिरकं कापून त्यावर पेपर चिकटवा.

धडाच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर काचा ही कॅटलिनाची शान आणि तीच तिची दुखरी जागा. फेविक्विकची वाफ काचेवर पांढरी बसते आणि निघत नाही. काचेला फेविकॉल लावा : दुधासारखा दिसतो, सुकल्यावर पारदर्शक होतो, सांडलेला ओल्या कापसाने पुसला जातो.

चाकांची आवृत्ती, म्हणजे पीबीवाय-५ए, घेतली तर नाकात वजन हवं, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात गळाचं शिसं स्वस्तात मिळतं, तेच भरा. धड आणि पंख टेपने जोडून मागच्या चाकांच्या जागी बोटांवर तोला आणि नाक खाली झुकेपर्यंत शिसं वाढवा. मात्र हे शिसं फेविकॉलने चिकटवू नका. त्यातल्या आम्लाने बंद, दमट जागेत शिशावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि काही वर्षांनी धडाचा जोड आतून उकलतो. शिशाला दोन भागांचं इपॉक्सीच वापरा. एम-सीलही चालतं.

पंख धडाच्या वर एका मानेवर आणि चार टेकूंवर बसतो. मान बसवल्यावर लगेच दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची पट्टीने मोजा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सिमेंट मऊ असतानाच टेकू लावून तो ओढून घ्या.

आणखी दोन नावं, थोडक्यात

अराडो १९६ ला दोन फ्लोट आहेत. दोन्ही समांतर हवेत, आणि एका फ्लोटपेक्षा हे कितीतरी कठीण जातं. आलेख कागदावर दोन रेषा आखून फ्लोट त्यावर टेपने पक्के करायचे आणि विमान वरून उतरवायचं, हीच खात्रीची पद्धत. दुसरं मॉडेल म्हणून उत्तम. वॉलरस हे दोन पंखांचं आणि तारांचं विमान आहे. पहिल्यांदा त्याच्या वाटेला जाऊ नये, एवढंच सांगतो.

मग कुठलं?

फ्लोट कधीच जोडला नसेल, जागा कमी असेल, ब्रशनेच रंगवणार असाल, तर रूफ. एक खांब सरळ बसवायला शिकलात की निम्मी विद्या हातात आली. त्यातही १९४२ मधलं सुरुवातीचं, सबंध करडं रूफ निवडा, मास्किंग जवळजवळ लागतच नाही.

कॅटलिना घ्यावी ती मोठे जोड बुजवण्याची सवय असणाऱ्याने, एअरब्रश असणाऱ्याने, आणि हिंदी महासागराच्या इतिहासाची ओढ असणाऱ्याने. ४ एप्रिल १९४२ रोजी कॅनडाचे वैमानिक लिओनार्ड बर्चल यांनी श्रीलंकेच्या कोग्गालाहून उडवलेल्या कॅटलिनातूनच जपानी आरमार येताना पाहिलं. चेन्नईजवळच्या रेडहिल्स तलावावरही कॅटलिना विमानं होती. आपल्या समुद्राशी इतकं जवळचं नातं असलेली किटं फार थोडी आहेत, आणि त्यासाठी दोन महिने घालवावेत असं आम्हाला मनापासून वाटतं. एक पथ्य : बर्चल यांचं विमान चाकांविना होतं. ते करायचं असेल तर शुद्ध पीबीवाय-५ चं किट शोधा, नाहीतर धडाच्या बाजूंच्या चाकांच्या खोबणी प्लास्टिक पत्र्याने बंद करून घासाव्या लागतील.

गोव्याच्या हवेत रंग

रूफला दहा मिलिलिटरच्या दोन-तीन बाटल्या पुरतात. कॅटलिनाला ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडचा पांढरा तळ द्यायचा असेल तर पांढऱ्याच्याच दोन लागतात. पांढरा तीन-चार पातळ थरांत आणि पांढऱ्या प्रायमरवरच बसतो. जाड दिला तर पॅनलच्या रेघा बुजतात.

रंगाच्या जातीचा निर्णय पंचांग बघून करावा. जून ते सप्टेंबर लॅकर स्प्रे बंद. लॅकरचा द्राव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प तिथे धरतं आणि रंग पांढुरका होतो. मॅट वार्निशचं तर हमखास असं होतं. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र टेबलावर ठेवा : ६५ टक्क्यांच्या खाली बिनधास्त, ७५ च्या वर फवारा नको. रंग पांढुरका झाला असेल तर कोरड्या दुपारी लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा मारा, बऱ्याचदा निवळतो. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर एअरब्रश धुवायला ठीक, पण प्लास्टिकवर पडला तर ते वितळतं.

पावसात ब्रशने रंगवायला वालेहोसारखे पाण्याचे ॲक्रिलिक सगळ्यांत बरे. दमट हवेत ते हळू सुकतात, त्यामुळे ब्रशच्या रेघा आपोआप मिटतात. फक्त खाली प्रायमर हवाच, नाहीतर मास्किंग टेपबरोबर रंगाचा पापुद्रा निघून येतो. तामियाचे ॲक्रिलिक एअरब्रशला सुंदर, निम्मं थिनर घालून. ब्रशने दुसरा हात दिला की खालचा थर उचलून येतो. हंब्रोलचे एनॅमल ब्रशला मऊ चालतात, पण पावसाळ्यात दोन दिवसांतही चिकट राहतात आणि धूळ ओढतात. मॉडेलवर डबा पालथा घालून ठेवा. कॉम्प्रेसर वापरत असाल तर टाकीतलं पाणी रोज सोडा आणि नळीवर मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी गाळणी) लावा. तो नसेल तर पंखावर मधोमध पाण्याचा थेंब उडणारच. स्प्रेचे डबे विमानाने पाठवता येत नाहीत, कुरियरला उशीर होतो. चवथीनंतर फवारणार असाल तर मागणी आधीच टाका.

समुद्रातली झीज दाखवायला दोन वाटा आहेत : मिठाचे खडे चिकटवून वर रंग द्यायचा आणि नंतर मीठ झाडायचं, किंवा रंगाखाली हेअरस्प्रे मारून ओल्या ब्रशने रंग उडवायचा. पावसाळ्यात पहिली वाट सोडा, मीठ पाणी ओढतं आणि सुकतच नाही. हेअरस्प्रे चालतो, पण वरचा थर पाण्याच्या ॲक्रिलिकचा हवा आणि तासाभरात ब्रश फिरवायला हवा. झीज फ्लोटच्या नाकाशी, पायरीच्या मागे आणि प्रोपेलरच्या टोकांना द्या. पाणी तिथेच आदळतं.

डिकॅल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) लावण्याआधी ग्लॉस वार्निश. मॅटच्या खडबडीत पृष्ठभागावर डिकॅलखाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखी चमक दिसते. रूफच्या मोठ्या लाल वर्तुळांवर ती लगेच उठून दिसते. कोमट पाण्यात तीस सेकंद, मग ओल्या कागदावर मिनिटभर, आणि सरकायला लागल्यावरच उचला. किट आलं त्या दिवशीच डिकॅलचा कागद सिलिका जेलच्या पुडीसह झिप पिशवीत बंद करा. गोव्याच्या एका पावसाळ्यात त्यावर पिवळे डाग आणि बुरशी येते, आणि असा कागद पाण्यात टाकला की डिकॅलचे तुकडे होतात.