कन्ना चौकापलीकडचं रेशन दुकान

सोलापुरात कन्ना चौकातून पलीकडे आत वळलं की पिठाच्या गिरणीला लागून एक रेशन दुकान आहे. गेले आठ महिने आम्ही धान्य तिथूनच उचलतो. लोक हॉटेलबद्दल लिहितात, मोबाईलबद्दल लिहितात, रेशन दुकानाबद्दल कुणी लिहीत नाही. पण आमच्या पूर्व भागात कितीतरी घरांचा महिना या धान्यावर निघतो, म्हणून लिहितेय.

आमच्या कार्डावर दोनच नावं, आई आणि मी. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड आहे, माणशी पाच किलो, म्हणजे दोघींना दहा किलो गहू-तांदूळ. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतं. कुटुंबप्रमुख म्हणून आईचं नाव आहे. अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला, त्यातच लिहिलंय की घरातली सगळ्यात मोठी बाई ही कार्डासाठी कुटुंबप्रमुख धरायची. कायदा आईला पुढे बसवतो आणि मशीन नेमका तिचाच अंगठा ओळखत नाही.

आईने चाळीस वर्षं विड्या वळल्या. पाला भिजवायचा, एकेक पान कात्रीने कापायचं, चिमटीने तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, टोक नखाने आत दुमडायचं. हात चालत होता तेव्हा दिवसाला हजार विड्या व्हायच्या. तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर आता चिंचोक्यासारखं गुळगुळीत झालंय, उजेडात धरलं तर चमकतं. शेजारचं बोटही तसंच. रेषा राहिल्याच नाहीत. आमच्या गल्लीत अशा अंगठ्यांच्या बायका घरटी सापडतील.

आधीच्या दुकानात आई अंगठा ठेवायची, मशीन नाही म्हणायचं. पुन्हा ठेवायची, पुन्हा नाही. “अंगठा येईना ओ तुमचा, पुढच्या महिन्यात बघू,” आणि लगेच पुढचं गिऱ्हाईक. पुढच्या महिन्यात मागचं धान्य मिळत नाही, गेलं ते गेलं. सलग तीन महिने असं झालं, म्हणजे तीस किलो. मी शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करते, पीसवर पैसे. दुकान उघडं असतं त्या वेळी मी मशीनवर असते. माझा अंगठा चालतो, पण तो लावायला गेले की अर्ध्या दिवसाचे पीस बुडतात. तिसऱ्या महिन्यात आई रिकामी पिशवी घडी घालून परत आली आणि म्हणाली, “जाऊ दे, माझंच बोट खराब आहे.” ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. बोट खराब नाही तिचं. त्या बोटांनी मला दहावीपर्यंत शिकवलं.

कारखान्यातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, दुकान बदल. मला वाटायचं कार्डावर ज्याचा नंबर त्याच दुकानात जन्मभर जायचं. तसं नाही. आता कुठल्याही रेशन दुकानातून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं, परराज्यातसुद्धा. ‘एक देश एक रेशन कार्ड’ म्हणतात ते हेच. २०१९ साली सुरुवात झाली तेव्हा एकमेकांची कार्डं चालवणाऱ्या राज्यांच्या पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात होते. अर्ज नाही, चिठ्ठी नाही, नुसतं जायचं.

नव्या दुकानात एक अक्का बसतात. पहिल्या दिवशी मी खाडा करून आईबरोबर गेले. अंगठा जुळला नाही तशी आईने सवयीने हात मागे घेतला. अक्का म्हणाल्या, “थांबा की अम्मा, दहा बोटं आहेत तुम्हाला.” गल्ल्याखाली ओलं फडकं होतं, त्याने आईची बोटं एकेक करून पुसली, कोरडी केली. मशीनची काच पण पुसली. मग एकेक बोट ठेवून बघितलं. डाव्या हाताचं मधलं बोट जुळलं! विडी वळताना ते बोट फारसं घासत नसावं. अक्कांनी आमच्या कार्डाच्या आतल्या पानावर पेनने लिहून ठेवलं: डावं, मधलं. या सगळ्याला सहा-सात मिनिटं लागली असतील. मागे रांग होती, एक जण कुरकुरला, त्याला त्यांनी शांतपणे सांगितलं, “तुमच्या आईला पण असंच करीन.”

बोट जुळलंच नसतं तर काय, ते पण विचारलं. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, त्यावर धान्य देता येतं. आईच्या आधारला आमचा जुना बंद पडलेला नंबर होता. तो आधी आधार केंद्रात जाऊन बदला म्हणाल्या, आम्ही बदलला. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली होती, तर ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहरा दाखवून होते हेही त्यांनीच सांगितलं. घरी रात्री ट्यूबखाली आईला बसवलं. पापणी मिटा म्हटल्यावर तिने दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले, आरतीत मिटतात तसे. चौथ्या वेळी झालं. आधीच्या दुकानदाराला यातलं काहीच माहीत नव्हतं, असं मला वाटत नाही.

काट्याबद्दल सांगते. आकडे गिऱ्हाइकाच्या बाजूला आहेत. रिकामी पिशवी आधी ठेवून शून्य करतात, मग धान्य ओततात. पावती मागावी लागत नाही. मी गिरणीवाल्याच्या काट्यावर दोनदा वजन केलं, दोन्ही वेळा बरोबर भरलं. तक्रारीसाठीचा १९६७ नंबर फलकावर मोठ्या अक्षरात आहे, खाली त्या महिन्यात आलेला आणि शिल्लक साठा खडूने लिहिलेला. असा फलक प्रत्येक दुकानात हवाच, आधीच्या ठिकाणी त्याच्यापुढे पोत्यांची थप्पी होती.

माल सरकारकडून येतो तसाच येतो. तांदळात कणी बरीच, गहू निवडून घ्यावा लागतो. मंगळवेढ्याची ज्वारी एवढ्या जवळ पिकते आणि आमच्या ताटात भाकरी ज्वारीचीच असते, ती मात्र विकत आणावी लागते. हे अक्कांच्या हातात नाही. त्यांच्या हातात आहे ती पायरी. दुकानाची पायरी गुडघ्याएवढी आहे, आईला कुणीतरी हात द्यावा लागतो. मी दोनदा सांगितलं, एक दगड तरी टाका. अजून टाकलेला नाही. महिन्याच्या शेवटी दोन-तीन दिवस मशीनचं नेटवर्क रखडतं, तेव्हा जाऊ नका. आणि दुकान संध्याकाळी साताला बंद होतं. कारखान्यातून सुटणाऱ्या बायकांसाठी आठवड्यातून एक दिवस तरी नऊपर्यंत उघडं ठेवावं, हे मी इथेही लिहिते आणि त्यांनाही सांगणार आहे.

त्यांचीही बाजू आहे. दुकानदाराला क्विंटलमागे १५० रुपये मिळायचे, ऑगस्ट २०२५ मध्ये २० रुपये वाढवून १७० केले. माझ्या लक्षात राहिलं कारण त्याच मंत्रिमंडळ बैठकीत सोलापूर-पुणे-मुंबई विमानाच्या निधीचाही निर्णय झाला होता. आमच्या दहा किलोमागे अक्कांना सतरा रुपये. त्यात हमाली, भाडं, लाईट बिल सगळं आलं. तेवढ्यात त्या एका म्हातारीची दहा बोटं पुसतात.

पाचपैकी चार गुण देते. एक पायरीसाठी राखून ठेवलाय.

आई आता मला विचारत नाही, एकटी जाते. परवा शेजारच्या मामींना घेऊन गेली, त्यांचीही बोटं विडीनेच गेलीत. घरून निघतानाच मामींचे हात साबणाने धुवायला लावले आणि जाताना ओलं फडकं पिशवीत टाकून नेलं.